मणक्याचा टीबी म्हणून आलेला रुग्ण आणि हृदयाची झडप: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ६१ वर्षांचे, दक्षिण महाराष्ट्रातले ऊस उत्पादक शेतकरी. ओळख पटू नये म्हणून वय, परिसर आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी नाही, आयुष्यात कधी दवाखान्यात राहिलेले नाहीत. घरी दोन म्हशी. तंबाखू मळून खायची सवय आणि दातांची अवस्था बरी नाही.

अडीच महिन्यांपूर्वी विहिरीवरची मोटार उचलताना कंबरेत उसण भरली, असं त्यांनीच पहिल्या डॉक्टरांना सांगितलं. पुढे प्रत्येक कागदावर तेच वाक्य उतरत गेलं. पण नीट विचारलं तेव्हा कळलं, की मोटार उचलण्याच्या आधीपासूनच त्यांना संध्याकाळी कणकण यायची, जेवण कमी झालं होतं आणि धोतर सैल व्हायला लागलं होतं. उसण भरली हे खरं, पण आजार तिच्या आधीच सुरू झाला होता.

गावातल्या डॉक्टरांनी तापासाठी दोन-तीन वेळा पाच-पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली. दर वेळी ताप उतरायचा, आठवड्याभरात परत यायचा. कंबरेसाठी पट्टा, वेदनाशामक गोळ्या, एक्स-रे झाला. एक्स-रेमध्ये वयाला साजेशी झीज सोडून काही नव्हतं. मणक्याच्या संसर्गात पहिले काही आठवडे एक्स-रे असाच निर्दोष दिसतो, हाडाची बरीच झीज झाल्यावरच बदल उमटतो. दुखणं रात्री वाढायचं, पडून राहिल्यावरही कमी व्हायचं नाही. "कूस बदलायची म्हटली तरी पोराला उठवावं लागतं," असं त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

शेवटी शहरात एमआरआय झाला. कंबरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा सुजलेल्या, मधली चकती पाण्याने भरल्यासारखी चमकणारी, बाजूला थोडी सूज, मोठा गळू नाही. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं: जंतुसंसर्ग, बहुधा क्षयाचा. त्या एका ओळीवर क्षयाची चार औषधं, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे एकेटी म्हणतात ती, सुरू झाली. सरकारच्या क्षयरुग्णांच्या नोंदणीत, म्हणजे निक्षयवर, नोंद झाली, घरी आशाताई येऊन गेल्या. नवव्या दिवशी मुलगा वडिलांना घेऊन आमच्या विभागात आला, कारण वडील जिना चढताना थांबायला लागले होते.

अडचण

एकेटी सुरू झाल्यावर ताप कमी झाला होता आणि सगळ्यांना वाटलं, निदान बरोबर आहे. इथेच हे प्रकरण फसवं होतं. एकेटीतलं रिफाम्पिसिन फक्त क्षयाच्या जंतूंवर चालत नाही. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस अशा अनेक जंतूंनाही ते काही काळ दाबून ठेवतं. त्यामुळे एकेटीने थोडं बरं वाटणं हा क्षयाचा पुरावा ठरत नाही. आपल्या भागात क्षय इतका आहे, की पाठदुखी आणि ताप एकत्र दिसले की तोच आधी आठवणं स्वाभाविक आहे. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते तिथेच थांबणं.

तपासताना तीन गोष्टी सापडल्या. नाडी उसळती होती आणि रक्तदाब १४०/५०. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, रुग्णाला पुढे वाकवून श्वास सोडून थांबायला सांगितल्यावर, हृदयाच्या ठोक्यानंतर एक बारीक फुंकरीसारखा मर्मर ऐकू येत होता. महाधमनीची झडप गळत असताना येतो तसा. प्लीहा बोटाला लागत होती. दोन नखांखाली काड्यांसारख्या बारीक लालसर-काळ्या रेषा होत्या, पण शेतात काम करणाऱ्या माणसाच्या नखांवर अशा रेषा मारानेही येतात, म्हणून त्यांना फार वजन दिलं नाही.

हिमोग्लोबिन ९.२, ईएसआर ९६, सीआरपी ८४, म्हणजे शरीरातली सूज-संसर्ग दाखवणाऱ्या या दोन्ही रक्ततपासण्या बऱ्याच चढलेल्या. लघवीत डोळ्यांना न दिसणारं रक्त. पायांची ताकद, संवेदना, लघवी-शौचाचा ताबा सगळं ठीक. हे शेवटचं वाक्य पुढच्या सगळ्या निर्णयांसाठी फार महत्त्वाचं होतं, कारण मज्जारज्जू किंवा नसांवर दाब नसेल तरच वाट पाहायला मुभा असते.

आता दोन अवयव समोर होते, कंबर आणि हृदय. प्रश्न असा, की हे दोन आजार आहेत की एक?

झडप आणि हाड यांचा संबंध

झडपेच्या आतल्या अस्तराला संसर्ग झाला, की तिथे जंतू, रक्तातल्या बिंबिका आणि फायब्रिन (रक्त गोठवणारे धागे) यांचा एक गोळा तयार होतो. डॉक्टर त्याला व्हेजिटेशन म्हणतात. त्यातून जंतू सतत रक्तात सुटत राहतात, अधूनमधून तुकडेही सुटतात. मेंदू, प्लीहा, मूत्रपिंड, डोळे आणि मणके ही त्यांची नेहमीची ठिकाणं.

मणकाच का, याचं उत्तर रक्तवाहिन्यांच्या रचनेत आहे. मोठ्या माणसात चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. पण कंबरेतली एकच धमनी फाटे फुटून वरच्या मणक्याच्या खालच्या कडेला आणि खालच्या मणक्याच्या वरच्या कडेला रक्त देते. जंतू या कडांमध्ये अडकतात, तिथून चकतीत घुसतात, आणि चकतीत रक्त नसल्याने त्यांना अडवणारं फारसं कोणी नसतं. दोन मणके आणि मधली चकती असं एकत्र चित्र म्हणून तर दिसतं.

याउलटही घडतं. दुसरीकडून रक्तात आलेला जंतू एकाच वेळी मणक्यात आणि झडपेवर बसतो, किंवा मणक्यातला संसर्ग रक्तातून आधीच कमजोर असलेल्या झडपेपर्यंत पोहोचतो. आधी कोण, नंतर कोण, हे बहुतेक वेळा सिद्ध करता येत नाही, आणि उपचारासाठी त्याची गरजही नसते. गरज असते ती एक सापडला की दुसरा शोधण्याची. काही रुग्णालयांच्या मालिकांत पू करणाऱ्या जंतूंमुळे मणक्याचा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला झडपेचाही संसर्ग आढळला आहे. झडपेच्या संसर्गाच्या बाजूने मोजलं तर मणक्याचा आजार त्या मानाने कमी जणांत दिसतो, पण नुसती पाठदुखी खूप जणांना असते, आणि ती तापाची अंगदुखी म्हणून सोडून दिली जाते. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्तावाटे आलेल्या मणक्याच्या संसर्गाला झडपेच्या संसर्गाच्या निदानातला एक गौण निकष म्हणून जागा मिळाली आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, एकेटी चालू ठेवून महिनाभर वाट पाहणे. झडपेचा संसर्ग असेल तर या महिन्यात झडप फाटू शकते किंवा मेंदूत तुकडा जाऊ शकतो. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

दुसरा पर्याय, एकेटीबरोबर सेफ्ट्रायॅक्सोन हे इतर जंतूंवरचं अँटिबायोटिक सुरू करणे. व्यवहारात हाच सर्वांत जास्त वापरला जातो, कारण त्यात 'सगळं कव्हर होतं' असं वाटतं. पण जंतूचं नाव कळल्याशिवाय सुरू केलेलं अँटिबायोटिक कधी थांबवायचं, किती द्यायचं, बदलायचं की नाही, हे काहीच ठरवता येत नाही. जंतू शरीरात कुठून आला, उदाहरणार्थ आतड्यात दडलेलं कारण शोधायचं की नाही, हेही कळत नाही. या रुग्णाच्या बाबतीत तर तेच निर्णायक ठरलं.

तिसरा पर्याय, लगेच सीटीच्या मदतीने मणक्यातून सुईने तुकडा काढणे, म्हणजे बायोप्सी. आधीच्या अँटिबायोटिकमुळे आणि रिफाम्पिसिनमुळे त्यातून जंतू उगवण्याची शक्यता कमी होती.

चौथा पर्याय सगळ्यात अवघड वाटणारा: सगळी औषधं थांबवणे, रक्ताची कल्चर घेणे (रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे), इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणे आणि काही दिवस रुग्णाला नजरेखाली ठेवणे. नसांवर दाब नाही, रक्तदाब स्थिर आहे, असा मणक्याचा रुग्ण असेल तर जंतू सापडेपर्यंत अँटिबायोटिक रोखून ठेवावं, असं अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या २०१५ च्या सूचनाही सांगतात. पण झडपेचा संशय असल्यावर ही मुभा आखडते. म्हणून वाट पाहण्याच्या अटी आधीच केसपेपरवर लिहिल्या: पाय कमजोर वाटला, थंडी वाजून रक्तदाब उतरला, दम वाढला किंवा बोलण्यात-चेहऱ्यात फरक पडला, की त्याच क्षणी कल्चर घेऊन औषध सुरू. रात्रपाळीच्या सिस्टरांना आणि मुलालाही या खुणा समजावून सांगितल्या.

मुलाला हे पटवणं सोपं नव्हतं. "टीबीचं औषध मधेच सोडायचं नसतं असं आशाताई सांगून गेल्यात," असं तो म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. अर्धवट सोडलेल्या एकेटीने किती नुकसान होतं हे गावोगावी सांगून सांगून लोकांच्या मनावर ठसलं आहे, आणि ते तसंच ठसलेलं राहिलं पाहिजे. म्हणून औषध का थांबवत आहोत, क्षय सिद्ध झाला तर पुन्हा पूर्ण कोर्स सुरू करू, हे त्याला कागदावर लिहून दिलं आणि तालुक्याच्या क्षयरोग विभागालाही कळवलं.

काय केलं

पहिल्या दिवशी वेगवेगळ्या जागांवरून रक्ताच्या कल्चरचे तीन संच घेतले. प्रत्येक बाटलीत पुरेसं रक्त जाणं महत्त्वाचं असतं, कारण झडपेच्या संसर्गात रक्तातले जंतू संख्येने थोडे असू शकतात. चमचाभर रक्तावर भागवलं तर ते निसटतात. घरी म्हशी असल्याने आणि निरसं दूध प्यायची सवय असल्याने जनावरांकडून, निरशा दुधातून येणाऱ्या ब्रुसेला या जंतूची तपासणीही पाठवली. ती निगेटिव्ह आली.

दुसऱ्या दिवशी छातीवरून इको झाला. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या, जन्मतःच. शंभरात एक-दोघांना असं असतं आणि बऱ्याच जणांना साठीपर्यंत पत्ता नसतो. झडप मध्यम प्रमाणात गळत होती, एक पाकळी जाड दिसत होती. व्हेजिटेशन आहे असं खात्रीने म्हणता येईना. इथे 'इको नॉर्मलच्या जवळ' म्हणून फाइल बंद होण्याचा धोका असतो. छातीवरून केलेल्या इकोत लहान व्हेजिटेशन सहज निसटतं. म्हणून अन्ननलिकेतून प्रोब घालून टीईई केला. त्यात ८ मिलिमीटरचं हलतं व्हेजिटेशन स्पष्ट दिसलं. झडपेच्या मुळाशी गळू नव्हता.

पहिली कल्चर ४८ तासांनी निगेटिव्ह होती. टीईई पाहिल्यावर लगेच औषध सुरू करावं, असा विभागात एक मतप्रवाह होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण रुग्ण स्थिर होता, रिफाम्पिसिन थांबून थोडेच दिवस झाले होते आणि ताप नुकताच परत डोकं वर काढत होता. कल्चरचे आणखी तीन संच घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या बाटल्या एकामागून एक पॉझिटिव्ह झाल्या. जंतू निघाला स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस, ज्याला जुन्या पुस्तकांत स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस म्हणत. पेनिसिलिनला पूर्ण दबणारा. त्याच संध्याकाळी सेफ्ट्रायॅक्सोन दोन ग्रॅम, दिवसातून एकदा, शिरेतून सुरू झालं.

मग बायोप्सीचा प्रश्न. रक्तात जंतू, झडपेवर व्हेजिटेशन, मणक्यात संसर्ग, सगळ्याला एकच स्पष्टीकरण पुरत होतं. हृदयरोगतज्ज्ञांना सुई टोचणं अनावश्यक वाटलं. मणक्याच्या सर्जननी मात्र आग्रह धरला: या भागात दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, आणि एकेटी कायमची बंद करायची तर पुरावा हवा. मला सर्जनचं म्हणणं पटलं. क्षयाचं ओझं कमी असलेल्या देशात कदाचित मी वेगळा निर्णय घेतला असता. बायोप्सीच्या तुकड्यात पू करणाऱ्या जंतूंच्या संसर्गात दिसतात तशा पेशी होत्या, क्षयात दिसणाऱ्या गाठी नव्हत्या, आणि क्षयाचा जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली. क्षयाची नोंद रद्द झाली. क्षयाची औषधं महिनोन्महिने खायची वेळ टळली.

औषध किती दिवस?

पेनिसिलिनला दबणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग फक्त मूळ झडपेवर असेल तर चार आठवडे पुरतात. निवडक रुग्णांत जेंटामायसिन हे दुसरं अँटिबायोटिक जोडून दोन आठवड्यांचाही मार्ग आहे. हाड आलं की हे हिशेब बाजूला ठेवावे लागतात. हाडात औषध हळू पोहोचतं आणि मेलेला भाग साफ व्हायला वेळ लागतो. फ्रान्समध्ये ३५० च्या वर रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मणक्याच्या पू करणाऱ्या संसर्गाला सहा आठवडे हे बारा आठवड्यांइतकेच परिणामकारक ठरले. म्हणून मुदत हाडाने ठरवली: कल्चर निगेटिव्ह झाल्या दिवसापासून सहा आठवडे. जेंटामायसिन दिलं नाही, कारण साठीतल्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्यातून इजा होण्याचा धोका जास्त आणि फायदा थोडा.

दोन आठवड्यांनंतर गोळ्यांवर नेता आलं असतं का? डेन्मार्कमध्ये झडपेच्या संसर्गाच्या ४०० स्थिर रुग्णांवर झालेल्या चाचणीत सुरुवातीच्या शिरेतल्या उपचारानंतर गोळ्यांनी तितकंच भागलं. ब्रिटनमध्ये हाडा-सांध्यांच्या संसर्गाच्या हजारावर रुग्णांतही तसंच दिसलं. पुरावा चांगला आहे. पण इथे दिवसाला एकच इंजेक्शन होतं आणि रुग्णाच्या घरापासून ग्रामीण रुग्णालय जवळ होतं. तुकडे सुटण्याचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, तो काळ रुग्णालयात काढला आणि पुढची इंजेक्शनं मोटरसायकलवरून तालुक्याला जाऊन झाली. रुग्ण दूरच्या वाडीवर राहत असते तर मी गोळ्यांचा मार्ग गंभीरपणे विचारात घेतला असता.

आतड्याची तपासणी

हा जंतू सापडला की मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी करावीच लागते. मोठ्या आतड्यातल्या गाठी आणि कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का आहे. रुग्णाला पोटाची एकही तक्रार नव्हती. "पोट साफ आहे, मग तिथं कशाला दुर्बीण?" हा प्रश्न रास्त होता. तिसऱ्या आठवड्यात तपासणी झाली आणि उजव्या बाजूला दोन सेंटिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठ, मिळाला. तो काढला. तपासणीत पेशी बऱ्याच बिघडलेल्या होत्या, पण कर्करोग खोल गेलेला नव्हता. कंबरदुखीने आलेल्या माणसाचा होऊ घातलेला कर्करोग जंतूच्या नावामुळे हाती लागला. नुसतं सेफ्ट्रायॅक्सोन देऊन ताप उतरवला असता तर हा पॉलिप तिथेच राहिला असता.

शस्त्रक्रियेचा निर्णय

चौथ्या आठवड्यापर्यंत कंबर सुधारत होती. सीआरपी ११ वर आली होती, रुग्ण पट्टा लावून चालत होते. पण दम वाढला. इकोत झडपेची गळती आता तीव्र होती आणि डावा कप्पा मोठा झाला होता.

सर्जनांसमोर खरा पेच होता. मणक्यात संसर्ग पूर्ण मेला आहे याची खात्री नाही, अशा वेळी नवी कृत्रिम झडप बसवली तर तिच्यावर तोच जंतू बसणार नाही का? सहा आठवडे पूर्ण होऊ द्यावेत, असा विचार पुढे आला. त्याला उत्तर असं होतं, की हृदय कमजोर पडायला लागल्यावर थांबण्याचा धोका नव्या झडपेला संसर्ग होण्याच्या धोक्यापेक्षा खूप मोठा असतो. रक्तातली कल्चर निगेटिव्ह होऊन तीन आठवडे लोटले होते आणि औषध चालूच राहणार होतं. पाचव्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली.

आधी मेंदूचा एमआरआय केला, रक्तस्राव नव्हता. हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी नेहमीची अँजिओग्राफी न करता सीटी अँजिओग्राफी केली, कारण व्हेजिटेशन असलेल्या झडपेजवळून कॅथेटर नेणं टाळलेलं बरं. झडप धातूची की जैविक, यावर कुटुंबाशी दोनदा बसून बोलणं झालं. धातूची टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन आयुष्यभर, त्याचा परिणाम मोजणारी आयएनआरची तपासणी वारंवार, आणि पुढे पुन्हा कोलोनोस्कोपी करून पॉलिप काढायची वेळ येणार. साठीच्या पुढचं वय आणि हे सगळं पाहून त्यांनी जैविक झडप निवडली. पुढे ती झिजून पुन्हा बदलावी लागू शकते, हे समजून. खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाला.

काढलेल्या झडपेच्या कल्चरमध्ये काहीही उगवलं नाही. त्यामुळे औषधाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली नाही.

परिणाम

सहा आठवडे पूर्ण झाले तेव्हा सीआरपी सामान्य होती, ईएसआर अजून चढा होता. ईएसआर उतरायला महिने लागतात. एमआरआय लगेच पुन्हा केला नाही. रुग्ण सुधारत असतानाही त्यातलं चित्र कधीकधी वाईट दिसतं आणि मग विनाकारण औषध वाढवलं जातं. औषध संपल्यावर घेतलेली कल्चर निगेटिव्ह राहिली. वर्षाच्या शेवटी एक्स-रेमध्ये ते दोन मणके जुळून एक झालेले दिसतात. वाकताना कंबर ताठ वाटते, पण ते रोज शेतात जातात. चार दात काढावे लागले. त्याआधी आणि आता प्रत्येक दातांच्या कामाआधी अर्धा ते एक तास अगोदर अमॉक्सिसिलिनचा दोन ग्रॅमचा डोस घ्यायचा, असं कार्ड त्यांच्या पाकिटात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी पहिल्या महिन्यात होती. ताप परत परत येत असताना, अँटिबायोटिकची पहिली गोळी देण्याआधी एकदा रक्ताची कल्चर घेतली असती तर निदान दोन महिने आधी झालं असतं आणि झडप कदाचित वाचली असती. तालुक्याच्या ठिकाणी कल्चरच्या बाटल्या मिळतात, पाठवताही येतात. अडचण सवयीची आहे. तीन आठवड्यांहून जास्त दिवसांची, रात्री वाढणारी कंबरदुखी आणि सोबत ताप असेल तर पट्टा देण्याआधी ईएसआर, सीआरपी आणि कल्चर हा क्रम ठरलेला असावा.

एमआरआयच्या रिपोर्टवर एकेटी सुरू करण्याबद्दलही बोललं पाहिजे. क्षयात बहुधा छातीच्या मागचे मणके, अनेक मणके, मोठे पातळ भिंतीचे गळू आणि बराच काळ शाबूत राहिलेली चकती दिसते. पू करणाऱ्या जंतूंत कंबरेचे दोन मणके आणि लवकर खराब झालेली चकती. पण ही चित्रं एकमेकांत इतकी मिसळतात, की नुसत्या फोटोवरून नाव देणं धोक्याचं आहे. पायात कमजोरी नसेल तर बायोप्सीसाठी थोडे दिवस थांबता येतं, आणि त्या दिवसांत स्टेथोस्कोप छातीवर ठेवायला काहीच खर्च नाही.

टीईई झाल्यावर दुसऱ्या कल्चरसाठी थांबण्याच्या निर्णयावर आमच्या बैठकीत नंतरही मतभेद राहिले. व्हेजिटेशन १० मिलिमीटरपेक्षा मोठं असतं किंवा ताप चढता असता, तर थांबायचं नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

झडपेचा संसर्ग घेऊन आलेल्या रुग्णांसाठी आता आमच्याकडे भरतीच्या वेळी मणक्यावर बोटाने ठोकून दुखतं का हे पाहिलं जातं, आणि दुखलं तर एमआरआय होतो. मणक्याच्या संसर्गात रक्तात स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस किंवा एन्टरोकॉकस निघाला तर इको होतो, आणि तो निर्दोष असूनही संशय राहिला तर आठवड्याभराने टीईई पुन्हा.

तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी परत करायची आहे. दोन पाकळ्यांची झडप घराण्यात चालू शकते म्हणून मुलांचाही इको सांगितला होता. मुलाच्या झडपेला तीन पाकळ्या निघाल्या. सासरी असलेल्या मुलीचा इको अजून व्हायचा आहे.